पायाशी सुटी वस्तू नाही

उकंडा नगराळेंची सही कोणाच्या बापाला वाचता येत नाही. पहिलं अक्षर उ आहे एवढं कळतं, पुढे नुसती रेघ ओढलेली. पण यवतमाळात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत हजारभर नव्या गाड्या त्या रेघेवर फिरताहेत. गाडीवाल्यांना शोरूम माहीत असतं, हार घालून चावी देताना फोटो काढणारी पोरगी माहीत असते. गाडीखाली पाठीवर सरकत जाऊन नट नि नट चाचपणारा माणूस कोणाला माहीत असतो? आणि माहीत करून घ्यायची गरज तरी कोणाला पडते म्हणा.

नाव असं का, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर तुमचं लक्ष तिथेच राहील. राळेगावकडच्या एका खेड्यात त्यांच्या आईची आधीची तीन लेकरं गेली होती. चौथं झालं तसं तिने ते सुपात घातलं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीने उचलून आणलं, पाच पैसे घेऊन आईला परत दिलं, आणि पोराचं नाव पडलं उकंडा. टाकून दिलेल्या पोरावर यमाचीही नजर जात नाही, असा त्या वेळचा हिशेब. उकंडा स्वतः हसून सांगायचे, “मले कोणाची नजर लागत नाही गा. मी पहिलेच कचऱ्यात जाऊन आलो.”

वय छप्पन्न. उमेदीची वीस वर्षं ट्रकच्या गॅरेजात गेली, नंतरची अकरा या मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपात. काम एकच, शेवटची तपासणी. नवी गाडी घेतली की पहिल्या महिन्याला, सहाव्या महिन्याला आणि वर्षाने ती फुकट तपासून देतात. बाकीचे मेकॅनिक आपापलं काम करून मोकळे होतात, मग गाडी उकंडांकडे येते. ते ट्रायल मारतात, चाळीस कलमांचा एक छापील कागद असतो त्यावर एकेक खूण करतात आणि खाली सही ठोकतात. त्या सहीशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही.

कागद सगळीकडेच असतो हो. दुसऱ्या पाळीचा तपासनीस वरून खाली एक सरळ रेघ मारायचा, झाल्या चाळीस खुणा. उकंडांना ते जमायचं नाही. चाकाचे नट मशीनने आवळलेले असले तरी ते पुन्हा हातपान्याने बघायचे, मग अंगठा फिरवायचे. पोरं चिडवायची, “काका, गाडीले मालिश करून राह्यले काय?”

“तुही बायकापोरं बसवशीन ना या गाडीत, तवा मालिश आठवते लेका,” म्हणायचे, आणि पुढच्या चाकाकडे सरकायचे.

तर असा हा काटेकोर माणूस. आणि या माणसाच्या चाळीस खुणांतली एक खूण तीन वर्षांपासून खोटी होती. कलम सतरा. ‘ड्रायव्हरच्या पायाशी सुटी वस्तू नाही.’

त्याचं असं झालं. आपल्याकडे नवी गाडी आली की पूजा होते, चाकाखाली लिंबू चिरडतं, हळदीकुंकवाचं स्वस्तिक निघतं. आणि बऱ्याच घरी पूजेचा नारळ फोडत नाहीत, लाल कापडात बांधून गाडीतच ठेवतात. कोणी डिकीत ठेवतं, पण पुष्कळ जण ड्रायव्हरच्या सीटखाली. देव गाडी चालवणाऱ्याच्या जवळ असावा, ही भावना. भावनेला कोण काय म्हणणार? पण सीटखालचा नारळ उतारावर पुढे येऊ शकतो, आणि पुढे ब्रेक असतो.

तीन वर्षांपूर्वी उकंडांनी असाच एक नारळ काढून डिकीत ठेवला. दोन्ही हातांनी, नीट, कापडाची गाठ घट्ट करून. गाडीवाला आला, त्याने सीटखाली हात घातला आणि विचारलं, “नारळ कोणी हलवला?”

“मी साहेब. ब्रेकखाली येतो तो.”

“नाव काय तुझं?”

“उकंडा.”

“पूर्ण नाव.”

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. तो माणूस पुढे काही बोलला नाही. फोन केला, अर्ध्या तासाने त्याचा भाऊ स्कूटरवर बाटली घेऊन आला, आणि वर्कशॉपच्या अंगणात, तीस माणसांदेखत, त्या नव्या कोऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर, सीटवर, दरवाज्याच्या मुठीवर गोमूत्र शिंपडलं. उकंडा हातात पाना घेऊन उभे होते. बापाने छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं म्हणून गावाचा मार खाल्ला होता. त्या बापाचा पोरगा, गाड्यांचं पोट उघडून दुरुस्त करणारा, इथे उभा राहून आपला हात धुतला जाताना बघत होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

वर्कशॉपचा मॅनेजर नयन. पोरगा तसा वाईट नव्हता, उकंडांना काका म्हणायचा. दुसऱ्या दिवशी त्याने जवळ येऊन हळू आवाजात सांगितलं, “काका, बुरा मत मानो. पण आतापासून देवाच्या सामानाले आपल्यापैकी कोणीच हात लावाचा नाही. झंझट नको.” आणि भिंतीवर तसा कागदही चिकटवला. कागद सगळ्यांसाठी होता. कोणासाठी होता ते सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हापासून सतराव्या कलमाशी आले की उकंडा सीटखाली टॉर्च मारायचे, लाल कापड दिसलं तरी खूण करून पुढे जायचे. पहिल्या-पहिल्यांदा हात अडखळायचा. मग सवय झाली. सवयीला काय, कशाचीही होते.

कुंदाबाई अलोणींची पांढरी गाडी दसऱ्याला घेतलेली. कुंदाबाई शाळेत गणित शिकवायच्या, रिटायर झाल्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंगच्या क्लासला गेल्या. घरात सगळे हसले. नवरा मधुसूदनराव, सरकारी कचेरीतून निवृत्त, तेही हसले, पण त्यांचे डोळे रस्त्यावर साथ देईनात म्हणून शेवटी गाडी बाईंच्याच हातात आली. पहिल्या तपासणीला बाई स्वतः आल्या होत्या. चिठ्ठीवर शंका लिहून आणल्या होत्या, एक ते नऊ. उकंडांनी नऊच्या नऊ उत्तरं दिली. बाईंनी लिहून घेतली आणि विचारलं, “नगराळे, ब्रेक पूर्ण दाबायचा की टप्प्याटप्प्याने?” ग्राहकाने आपल्याला आडनावाने हाक मारून असं शिकायला विचारावं, याचं उकंडांना अप्रूप वाटलं. घरी येऊन बायकोला, मथुराबाईला, सांगितलंही त्यांनी.

सहाव्या महिन्याची तपासणी एप्रिलात आली. ऊन असं की रॅम्पच्या लोखंडाला हात लावावा तर चटका. उकंडा ट्रायलला निघाले, धामणगाव रोडला थोडं पुढे जाऊन वळले, आणि ब्रेक मारला तसं सीटखालून काहीतरी गडगडत आलं आणि त्यांच्या टाचेला लागलं. गाडी बाजूला घेतली, वाकून पाहिलं. नारळ. दसऱ्याला पाण्याने जड होता, जागेवर बसला होता. सहा महिन्यांत पाणी आटलं, आत गोटा होऊन तो हलका झाला, कापड सैल पडलं, गाठ सुटून कापड एकीकडे आणि नारळ एकीकडे.

आता बघा, रस्त्यावर कोणी नव्हतं. उचलून डिकीत टाकला असता तर कोणाला कळणार होतं? पण बाटलीतून पडणारे ते थेंब त्यांना स्टिअरिंगवर दिसले, अगदी दिसले. त्यांनी सीटमागून काच पुसायची दांडी घेतली आणि त्या दांडीने नारळ मागे ढकलला. पाय लावायचा नाही, हातही लावायचा नाही. छप्पन्न वर्षांचा माणूस भर उन्हात रस्त्याच्या कडेला वाकून दांडीने नारळ ढकलतोय. स्वतःचीच किळस आली त्यांना.

मनाशी ठरवलं, मालकाला सांगायचं. संध्याकाळी गाडी न्यायला मधुसूदनराव आले. कानाला फोन. उकंडा पुढे झाले.

“साहेब, ते सीटखाली...”

“हो हो, नारळ आहे तो.” मधुसूदनरावांनी फोन कानापासून जरा दूर केला. “त्याला कोणी हात नाही ना लावला?”

“नाही साहेब.”

“बरं बरं.” आणि पुन्हा फोनमध्ये, “नाही गं, नाही लावला म्हणतात.”

उकंडांच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. नारळ सुटला आहे, पुढे येतो, बांधून घ्या. चार शब्द. पण ‘हात नाही ना लावला’ हा प्रश्न ऐकला आणि ते म्हणाले मरू दे. खरंच, मनात हेच म्हणाले. तुमचा देव, तुमचा नारळ, तुमची गाडी. कागदावर सतरावी खूण केली, सही ठोकली आणि चावी दिली.

घरी गेल्यावर मात्र जेवण गोड लागेना. मथुराबाईने विचारलं, “काहून बोलून नाही राह्यले?”

“काही नाही वं. एका गाडीचं राहून गेलं.”

“मंग फोन लावा न त्याइले.”

“उद्या लावतो.”

गाडीच्या जॉबकार्डावर मालकाचा नंबर होता. सकाळी वर्कशॉपात गेल्यावर पहिलं काम तेच करायचं, असं म्हणून ते झोपले. सकाळी गेल्या गेल्या तीन गाड्या उभ्या होत्या. दहा वाजता आठवलं, तेव्हा हाताला ग्रीस होतं. म्हणाले हे आटपतो आणि करतो. अकराला क्रेन फाटकातून आत आली, आणि क्रेनला लटकलेली ती पांढरी गाडी होती. पुढचा भाग पार चेपलेला, डावा दिवा गायब, बॉनेटमध्ये बाभळीच्या फांद्या अडकलेल्या.

उकंडा क्रेनकडे धावले. “माणसं?” एवढंच त्यांनी क्रेनवाल्याला विचारलं.

“हाये, हाये, जिते हाये. बाईचा हात मोडला.”

बाभुळगावला नातेवाईकांकडे मुंज होती. रस्त्याच्या उतारावर समोरून बस आली, बाईंनी ब्रेक मारला, आणि गाडी थांबलीच नाही. बसला चुकवून त्यांनी गाडी कडेच्या बाभळीत घातली. बाईंचा उजवा हात मनगटात मोडला, मधुसूदनरावांच्या कपाळाला टाके पडले. बसमध्ये चाळीसेक माणसं होती. त्यांना काही झालं नाही ते केवळ बाईंच्या प्रसंगावधानाने. पण हे कोणी बोललं नाही. सगळे दुसरंच बोलत होते.

दोन दिवसांनी मधुसूदनराव कपाळाला पट्टी बांधून वर्कशॉपात आले, आणि नयनच्या टेबलासमोर बसून त्यांनी जे सांगितलं ते उकंडांनी दारात उभं राहून ऐकलं.

“अहो, ही म्हणते ब्रेक लागला नाही. ब्रेक दाबला पण खाली गेला नाही म्हणते. मी म्हटलं, बाई, तू घाबरलीस आणि एक्सलेटर दाबलास. या वयात होतं असं. पण ऐकेल तर शपथ! तुम्ही एकदा तपासून लेखी द्या, म्हणजे तिच्या मनातलं निघेल. आणि एक सांगू? गाडीचा चेंदामेंदा झाला, पण आमचा पूजेचा नारळ बघा, तडासुद्धा नाही. पायाशीच पडला होता. मी तसाच उचलून घरी नेला, देवघरात ठेवलाय. त्यानेच वाचवलं आम्हाला.”



तपासणी उकंडांकडेच आली. दुसऱ्या कोणाकडे येणार? ब्रेकचं तेल बरोबर, पाइप बरोबर, पॅड बरोबर. पॅडल दाबलं तर मऊसूत खाली जातं. मग ते सीटवर आडवे झाले आणि टॉर्च घेऊन पॅडलच्या मागे पाहिलं. पॅडलच्या दांडीच्या मागच्या बाजूला काथ्या चिकटला होता. बोटभर लांब, तपकिरी, नारळाच्या शेंड्या. आणि खाली गालिच्यावर गोल दाबलेली खूण, वाटीएवढी. बाईंनी पूर्ण जोर लावून ब्रेक दाबला होता. जेवढा माणूस दाबू शकतो तेवढा दाबला होता. पॅडल आणि फरशीच्या मध्ये नारळ होता.

 काथ्याला हात लावला नाही. मोबाइल काढून फोटो मात्र घेतले.

नयनने रिपोर्ट टाइप करून आणला होता. ब्रेक यंत्रणेत दोष आढळला नाही. खाली सहीची जागा.

“खोटं काय आहे याच्यात, काका? ब्रेक चांगलाच आहे न?”

खोटं एक अक्षर नव्हतं, हीच तर गंमत. उकंडांनी सही केली. हातून झाली म्हणा ना. आणि त्या दिवशी त्यांना कळलं की प्रत्येक शब्द खरा असलेल्या कागदानेसुद्धा माणसाचा गळा आवळता येतो.

पंधरा दिवसांनी गाडी दुरुस्त झाली. कुंदाबाई रिक्षाने आल्या, हात गळ्यात अडकवलेला. गाडीकडे त्यांनी पाहिलंही नाही. उकंडांना शोधत रॅम्पपाशी आल्या.

“नगराळे, तुम्ही खोटं बोलणार नाही म्हणून विचारते. माझा पाय चुकला का?”

उकंडांनी पाना खाली ठेवला.

“मला पक्कं आठवतं हो. मी ब्रेकच दाबला होता. पण आता सगळे म्हणतात तर... रात्री झोपेत पाय दाबत असते म्हणे मी. काल दुकानात हिशेब चुकला माझा. तीस वर्षं गणित शिकवलं, आणि दोन आकडे जोडताना मला वाटलं, आपलं डोकं आता भरवशाचं नाही. यांनी लायसन्स कपाटात ठेवलंय. गाडी विकायची म्हणतात. विकू दे. पण मला एवढंच कळायला हवं, पाय चुकला का?”

आता काय अवघड होतं हो? नाही बाई, तुमचा पाय चुकला नाही. एवढंच म्हणायचं होतं. पण मग का थांबली नाही, हा पुढचा प्रश्न येणार. त्याच्या उत्तरात नारळ येणार, जो आता देवघरात बसला आहे, ज्याने त्यांना वाचवलं आहे. आणि तो नारळ वाईट म्हणणारा माणूस कोण? तर उकंडा नगराळे. लोक म्हणणार, याला आमचा देव खुपतो. आणि नंतरचा प्रश्न त्याहून वाईट. तुम्ही पाहिला होता? मग काढला का नाही?

“रिपोर्टात लिवलं हाये बाई,” ते म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना ओळखू आला नाही.

“हो,” कुंदाबाई म्हणाल्या. “वाचलं मी.” आणि पायांकडे बघत, जपून, फाटकाकडे गेल्या. सपाट सिमेंटवरून चालताना बाई एकेक पाऊल तपासून टाकत होत्या. 

त्या रात्री उकंडांनी मथुराबाईला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, बाटलीवाल्या माणसापासून. ते गोमूत्राचं त्यांनी तीन वर्षं घरी सांगितलं नव्हतं. मथुराबाई ऐकून घेत होती, मग एकदम भडकली.

“तीन वर्सं पोटात ठेवलं तुमी हे? मले नाही सांगतलं?”

“सांगून काय करत व्हती तू?”

“काही नसती करत. पण तुमच्या संगं रडली तर असती!” तिने डोळे पुसले. मग म्हणाली, “त्या मानसानं तुमचा हात धुतला, मान्य. पण या बाईनं काय केलं तुमचं? ते तं सोताले येडी समजून राह्यली तिकडं.”



शनिवारी उकंडांनी नयनला फोटो दाखवले, ट्रायलचंही सांगितलं. नयनने ते पाहिले, दोनदा पाहिले, खुर्ची मागे सरकवली.

“काका, हे डिलीट करा.”

“बाईले सांगा लागते नयनभाऊ.”

“काय सांगाल? की आम्ही पाहून सोडून दिलं? की शोरूमनं भिंतीवर कागद लावला हाये, हात लावू नका म्हणून? कंपनीपर्यंत जाते हे. माही नोकरी जाते, तुमची जाते. आणि लोक? उद्या पाटी घेऊन फाटकावर येतीन, देवाचा अपमान म्हणून.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “बाई वाचली न? बात खतम. तुम्ही तिकडे गेले, तर सोमवारी इकडे येऊ नका. मी हात जोडून सांगून राह्यलो.”

आणि त्याने खरंच हात जोडले. त्याच्याही घरी लहान पोर होतं, भ्यायला होता बिचारा.

रविवारी सकाळी उकंडांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मथुराबाईने विचारलं नाही कुठे चालले म्हणून. अलोणींचा पत्ता त्यांनी जॉबकार्डावरून लिहून घेतला होता. फाटकातून आत गेले तर कुंदाबाई ओसरीवर खुर्चीत बसून डाव्या हाताने पेपर चाळत होत्या. आतून टीव्हीचा आवाज येत होता.

“नगराळे? बसा ना.”

ते बसले नाहीत. बसलो तर बोलणं होणार नाही, अशी भीती वाटली. उभ्यानेच म्हणाले, “बाई, तुमचा पाय नाही चुकला. तुमी ब्रेकच दाबला व्हता.”

आणि मोबाइल पुढे केला. एकेक फोटो सरकवत सांगितलं. हा काथ्या, ही गोल खूण, इथे पॅडल, इथे नारळ. ट्रायलला तो टाचेला कसा लागला, दांडीने कसा ढकलला, सहीच्या वेळी काय मनात आलं, ते ‘मरू दे’ सुद्धा सांगितलं. काही झाकून ठेवलं नाही.

कुंदाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. “म्हणजे मी दाबला होता,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा, “पूर्ण दाबला होता.”  आणि मग त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. मान वर करून त्यांनी विचारलं, “तुम्हाला दिसला होता, तर काढला का नाही?”

आला प्रश्न. उकंडांनी त्या तीन वर्षांपूर्वीच्या बाटलीचं सांगितलं. आवाज चढू दिला नाही, पण शेवटी म्हणालेच, “अन् त्या दिवशी साहेबानं बी तेच इचारलं. हात नाही ना लावला म्हणून. मंग मले वाटलं, लावला असता तं तुमच्या घरी बी गाडी धुतलीच असती.”

आता बाई म्हणेल, छे छे, आम्ही तसले नाही हो. तुम्ही सांगायचं तरी होतं, आमच्याकडे असलं काही नसतं. उकंडांनी हे वाक्य आयुष्यात शंभर वेळा ऐकलं होतं, आणि त्या वाक्यासाठी लागणारा राग त्यांनी सोबत आणला होता.

कुंदाबाईंनी पेपर बाजूला ठेवला.

“यांनी नव्हतं विचारलं ते,” त्या म्हणाल्या. “फोनवर मी होते. मी सांगितलं होतं, विचारा म्हणून.”

उकंडांनी मोबाइल परत घेऊन खिशात घातला.

“मला माहीत होतं तपासणी तुम्ही करता. तुमचं काम मला आवडायचं, आणि नारळाला तुमचा हात लागू नये असंही वाटायचं. दोन्ही खरं आहे.” त्यांचा चेहरा लाल झाला होता. “लावला असता ना, नगराळे, तर मी गाडी धुतल्याशिवाय बसले नसते. तुम्हाला कळूही दिलं नसतं. घरी आणून धुतली असती.”

आतला टीव्ही चालूच होता. उकंडांना राग आला, खूप आला, पण आणलेला राग हा नव्हता. आणि त्या रागाखाली काहीतरी मोकळं झाल्यासारखंही वाटलं, कारण छप्पन्न वर्षांत हे त्यांच्या तोंडावर कोणी कबूल केलं नव्हतं. धुणारे सगळे भेटले होते. धुतलं असतं म्हणणारी ही पहिलीच.

“मी नोकरी सोडून आलो बाई,” ते म्हणाले. “हे सांगाले आलो म्हणून सोमवारपासून मले तिथं जागा नाही. माहं मी सांगतलं. आता तुमचं तुमी सांगा.”

“कोणाला?”

“साहेबाले. ते आत तुमाले येडी समजून बसले हायेत. अन् नारळाले देव.”

कुंदाबाईंनी दाराकडे पाहिलं. बत्तीस वर्षांचा संसार होता. पाय चुकला नव्हता हे सांगायला त्यांना एका क्षणाचीही अडचण नव्हती, आनंदाने सांगितलं असतं. पण तेवढंच सांगून भागणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. अर्धंच सांगितलं तर सगळा दोष या समोर उभ्या माणसावर जाणार होता, आणि घरात सगळ्यांना तेच सोयीचं होतं.

मोडका हात सावरत त्या खुर्चीवरून उठल्या.

“अहो,” त्यांनी आत हाक मारली. मग आवाज चढवला. “अहो, तो टीव्ही बंद करा आणि बाहेर या. माझी चूक सापडली आहे. पायाची नव्हती.”